तिसऱ्या पातळीवरचा बेडूक

टोलेडो, ओहायो. जानेवारी. हीटर खोकतोय.
माझा भाचा क्विंसी, वय अकरा,
सतरंजीवर पालथा पडून
सतराव्यांदा मरतोय.

गेम सुरेख आहे, हे आधीच कबूल करते.
प्रत्येक चौकट हातानं काढलेली, शाईनं.
जुन्या रिळावर असतात तसे ओरखडेसुद्धा
कुणीतरी जीव लावून काढलेत.
रबरी नळीसारखे हातपाय, कोपर नाही, गुडघा नाही,
आणि मागे ट्रम्पेट, तेही असं
की भांडी विसळताना माझी टाच आपोआप हलली.

"आत्या, ह्या सगळ्यांनी हातमोजे का घातलेत?
बेडकानं, घड्याळानं, त्या गाजरानंसुद्धा?"

काळ्या अंगावर काळा हात दिसत नाही म्हणून, मी म्हटलं.
खोटं नाही ते. चित्रकारांची सोय होतीच.
पण ताट मी अर्धंच वाढलं.
उरलेलं असं: बूच जाळायचं,
त्याची काजळी गोऱ्या तोंडाला फासायची,
ओठ कानापर्यंत रंगवायचे, पांढरे मोजे चढवायचे,
आणि आमचं सोंग घेऊन, आमच्याच तालावर
तिकीट काढून आलेल्यांना हसवायचं.
पुढे सोंग उतरलं. लोक घरी गेले.
मोजे तेवढे राहिले,
बिनमालकाचे, जो हात दिसेल त्यावर चढत.

तिसऱ्या पातळीवर बेडूक येतो.
उंच टोपी, दिव्याच्या खांबाला टेकलेला.
लढाईआधी नाचतो:
दोन पावलं घसरत, एक गिरकी,
मग डावा पाय क्षणभर अडतो,
जमिनीला काही विचारल्यासारखा,
आणि सुटतो.

हातातली बशी हातातच.

ती अडखळ मी ओळखते.
एझेल प्रुइट, माझे पणजोबा,
वीटभट्टीत गुडघ्यावर गाडा उलटला तेव्हा एकोणीस वर्षांचे.
हाड वाकडं जुळलं. त्यांनी त्या वाकड्यालाच तालात बसवलं.
आमच्याकडे लग्नात अजून सगळे तसेच नाचतात,
धडधाकट गुडघ्यांची माणसं,
डावा पाय मुद्दाम अडवून.

एकतीस साली त्यांना एका स्टुडिओत नेलं, मागच्या दारानं.
दुपारभर कॅमेऱ्यासमोर नाचवलं.
मग काचेखाली दिवा लावून, चौकटीमागून चौकट,
माणूस गिरवला, वर बेडूक चढवला.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही:
साडेसात डॉलर मिळाले. पाटीवर नाव नाही.
सिनेमा लागला तेव्हा वेगळ्या जिन्यानं वर जाऊन
शेवटच्या रांगेतून त्यांनी पाहिलं
स्वतःला, चार बोटांचं.
हसले का, हे मी आजीला कधी विचारलं नाही.
आजी एवढंच सांगायची, दोनदा बघून आले.

गेम करणाऱ्यांना यातलं काही माहीत नसणार.
मुलाखतीत त्यांच्यातला एक दाढीवाला पोरगा म्हणाला,
आम्ही त्या काळाची गंमत घेतली, विष मागे ठेवलं.
मला त्याच्यावर रागावता येईना.
गाळलंय त्यानं, खरंच, बारीक चाळणीनं.
चोथ्यात एक नाव गेलं, एवढंच.

"आत्या, तू मार ना त्याला. मला जमत नाही."

हात पुसून रिमोट घेते.
पहिली गोळी सुटेपर्यंत लढाई सुरू होत नाही, असा नियम आहे.
बटणावर अंगठा ठेवते, दाबत नाही.
बेडूक नाचतो.
आठ चित्रं. पुन्हा तीच आठ चित्रं.
बाहेर बर्फ उपसणारी गाडी येऊन जाते.
पुन्हा आठ.

"आत्या, मार ना!"
"थांब. त्याचा डावा पाय बघ."
तो उठून बसतो, पडद्याला नाक लावून बघतो.
"अडतोय. बग आहे का?"
"नाही," मी म्हणते. "गुडघा आहे."